पडद्यापुढची गोष्ट

आमच्या काचीगुड्याच्या मराठी मंडळात गणपतीच्या कार्यक्रमात दोन नाचांच्या मधे पडदा पडतो, आत खुर्च्या-टेबलं सरकतात, आणि तेवढ्या वेळात पडद्यापुढं उभं राहून कुणीतरी एक गोष्ट सांगायची अशी पद्धत आहे. ते कुणीतरी म्हणजे गेली कित्येक वर्षं मीच. मासिकवाले हिला अतिलघुकथा म्हणतात, आमच्याकडे नुसती पडद्याची गोष्ट. लांबली तर आतले नाचणारे ताटकळतात आणि बाहेर पोरं शिट्ट्या मारतात. एवढ्याशा गोष्टीसाठी मी श्रावणभर डोकं शिणवते, एकेक शब्द खुडून टाकते, हे कुणाला सांगून पटत नाही.

पडद्याची दोरी आमच्या ह्यांच्या हातात. आत तयारी झाली की कुणीतरी हात वर करतं आणि हे दोरी ओढतात. माझं वाक्य उरलंय की संपलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. एकदा तर शेवट सांगायच्या आतच पडदा उघडला आणि माझ्यामागं ओळीनं गवळणी उभ्या. घरी येऊन मी फणफणले, तर म्हणाले, तयारी झाली होती. लोक टाळ्या वाजवतात, त्या मला आवडतातही. पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी लिहितेय ते त्या दोरीवरच्या हातासाठी. माझी गोष्ट ऐकता ऐकता तो एकदा तरी ओढायचा विसरावा, एवढंच मला हवं होतं.

यंदा चिटणिसांनी दुसरी गोष्ट माझ्या धाकट्या जावेला सांगायला लावली. ही अंबरपेठेत वाढलेली, तेलुगू शाळेत शिकलेली. मराठी वाचायचं तर ओळीवर बोट ठेवून. तालमीच्या वेळी चहा गाळता गाळता तिनं काहीतरी सांगितलं म्हणे, ते चिटणिसांच्या कानावर पडलं. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. ती बिचारी मला विचारायला आली, ताई, कुणाकडून लिहून घेऊ का? मी गोड हसून म्हटलं, कशाला, तोंडीच सांग. अडखळली तर बरंच, असं मनात होतं.

माझी गोष्ट आधी झाली. शेवटच्या वाक्यात सगळा उलगडा होतो अशी, घासूनपुसून लख्ख केलेली. टाळ्या पडल्या, पडदा वेळेवर उघडला. मग नाच झाला, पडदा पुन्हा पडला आणि जाऊ माइकपुढं गेली. मी विंगेत ह्यांच्या शेजारीच उभी होते.

ती म्हणाली, "एका बाईनं मेलेल्या नवऱ्याची स्कूटर विकली. घेणारा दुसऱ्या दिवशी परत आला. म्हणाला, अम्मा, दूसरी चावी भी होगी ना? ती म्हणाली, नहीं बेटा, एकीच थी. आणि पदराखाली मूठ आवळली."

झालं. नमस्कारसुद्धा न करता ती आत आली. मला वाटलं, ही पुढचं विसरली. समोरच्या विंगेतून हात वर झाला, पुन्हा एकदा झाला, मग शुकशुक ऐकू आली. हे दोरी धरून तसेच उभे, रिकाम्या माइककडं बघत. शेवटी मीच त्यांना कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठं पडदा उघडला.

माझा जळून कोळसा झाला होता. तरी मनाला समजावलं, की माणूस दमलाय, तंद्री लागली असेल.

सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "काय गं, त्या बाईनं त्या चावीचं पुढं काय केलं असेल?"

मी म्हटलं, जावेला विचारा, तिची गोष्ट आहे.

"तिला कसं माहीत असणार?" असं म्हणून हे पुन्हा विचारात पडले.

त्या पडद्यापुढं माझी इतकी माणसं फसली, रडली, मेली. त्यांतल्या एकाचंही पुढं काय झालं, हे ह्यांनी मला कधी विचारलेलं नाही.