माझ्या मुलीचं न झालेलं लग्न

साकोलीच्या एसटी स्टँडवर बाबा मला पोचवायला आले, तेव्हा त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला. वाचण्यासारखं एकच पान होतं. नाव : विलास देवाजी. आडनावाचा रकाना रिकामा. नागपूरच्या ज्या माणसानं फॉर्म भरून दिला त्यानं माझं नाव आणि बाबांचं नाव एकाच ओळीत लिहिलं होतं, आणि गजभिये तेवढं राहून गेलं होतं.

बाबांनी विचारलं, "आपलं नाव कुठी गेलं?"

चुकून राहिलं, पुढच्या वेळी दुरुस्त करू, असं मी म्हणालो. त्यांनी पासपोर्ट मिटून परत दिला. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून हात हलवत होतो आणि ते कंडक्टरला सांगून राहिले होते की हा माझा पोरगा, गजभियेचा, विलायतेला चालला. चाललो होतो मस्कतला. पण बाबांच्या लेखी समुद्रापलीकडची सगळीच विलायत. गंमत म्हणजे, इथे ओमानमध्ये तालुक्याला विलायतच म्हणतात. तेवढं बाबांचं खरं निघालं.

याला एकोणतीस वर्षं झाली. ती चूक मी दुरुस्त केली नाही. गावच्या विहाराच्या स्मरणिकेसाठी तुम्ही माझ्याकडे 'परदेशातल्या यशाबद्दल' चार शब्द मागितले आहेत. यश माझं नाही, मुलीचं आहे. माझ्या वाट्याचं जे आहे ते सांगतो.

मस्कतच्या रुवी भागात पहिली खोली चौघांत होती. चौघेही मराठी, चौघेही इंजिनिअर. त्याआधी मी नागपुरात एका कंपनीच्या मेसमध्ये जेवलो होतो. तिथे माझं आडनाव कळल्यावर कोणी काही बोललं नव्हतं, फक्त दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा माठ माझ्या टेबलापासून उचलून पलीकडे ठेवला गेला. रुवीत पहिल्या संध्याकाळी पुण्याच्या एका मुलानं नाव विचारलं. मी पासपोर्टावरचं सांगितलं. "देवाजी? हे कुठलं आडनाव?" आमच्याकडे असतं, म्हणालो. त्यानं त्याच्या घरून आलेली लसणाची चटणी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात वाढली. ती चटणी मला फार गोड लागली. बस, एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

मग सुनंदा आली, कडेवर तीन वर्षांची संघमित्रा. घरात ती मितू. शाळेच्या दाखल्यावर मित्रा देवाजी. आम्ही मस्कतमध्येच अल खौदला राहायला गेलो. बुद्धाची मूर्ती बेडरूममध्ये ठेवली, हॉलमध्ये एक घोड्यांचं चित्र लावलं. ऑफिसात गावाकडचा फोन आला की समोरून 'जयभीम' येई, आणि मी म्हणत असे, "हां, हां, बोला."

मितूच्या अंगात जे होतं ते माझं नाही, बाबांचं. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, बाबा जलशात गात, आणि वगात सावकाराची म्हातारी आई तेच होत. लुगडं नेसून असे वाकत की बाया तोंडाला पदर लावून हसत. मला लाज वाटायची. मी शिकलो ते या लुगड्यापासून लांब जाण्यासाठी. आणि सुट्टीत गावी गेलो की माझी मुलगी त्यांच्या मांडीवर बसून म्हणे, "आजोबा, म्हातारी करा." नवव्या वर्षी तिनं त्यांच्या पत्राच्या मागे लिहिलेला पत्ता वाचला आणि विचारलं, गजभिये काय आहे? मी म्हणालो, गावाचं नाव. बघा, मी किती सहज बोलून गेलो.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही अल मवालेहच्या भाजी मार्केटला जात असू. परतताना मागच्या सीटवर मितू अख्खं मार्केट करून दाखवायची. खजूरवाला ओमानी म्हातारा, कांद्याच्या गोणीवर बसलेला चितगावचा माणूस, 'यल्ला यल्ला', चला चला, करत गाडा रेटणारे हमाल, घासाघीस करणारी तिची आई. मराठी बोलताना अडखळणारी ही पोरगी दुसऱ्याच्या बोलीत मात्र एकदम मोकळी व्हायची.

अठराव्या वर्षी ती इंग्लंडला गेली, अकाउंट्स शिकायला. दुसऱ्या वर्षी ते सोडून अभिनयाच्या शाळेत गेली. हे तिनं आईला सांगितलं, मला नाही. मी आठ महिने तिच्याशी 'जेवलीस का' याच्यापुढे बोललो नाही. ती कॉफीच्या दुकानात कप धूत होती, व्हॅनमधून गावोगावी फिरून शाळेतल्या मुलांसमोर नाटकं करत होती. म्हणजे बाबा जे करायचे तेच, फक्त थंडीत. मग टीव्हीवर औषधाच्या दुकानात दोन वाक्यं मिळाली. मग तीनदा नर्स, दोनदा डॉक्टर, एकदा प्रेत. तो भाग बघताना सुनंदा रडली. मितू फोनवर सांगत होती, आई, प्रेताला हलायला मिळत नाही म्हणून ते सगळ्यात अवघड काम असतं. सुनंदा म्हणाली, "अवघड असो का सोपं, पुन्हा मरू नको."

आता ती तिथली नागरिक आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लहान गावाच्या मालिकेत पोलीस सार्जंट आहे. तिसरा सीझन चालू आहे. तिथल्या बाया तिला दुकानात थांबवून विचारतात, खुनी कोण ते आत्ताच सांग. मालिकेत ती बिअर पिते, एका भागात एका माणसाच्या गळ्यात पडते. त्यावर मस्कतमध्येही बोललं गेलं आणि गावातही, मला माहीत आहे. बोला. ते तिचं काम आहे. ती ते चोख करते.

आता नावाचं. तिथे नटांच्या संघटनेत, पडद्यावर झळकेल ते नाव नोंदवावं लागतं. तिच्या एजंटबाईनं सुचवलं होतं, मित्रा देव. छोटं, सुटसुटीत. मितूनं मला विचारलं, तर मी म्हणालो, छोटंच ठेव बेटा, सोयीचं असतं. तिनं नोंदवलं संघमित्रा गजभिये. माणसं नट होताना नाव बदलतात, खोटं घेतात. माझ्या मुलीच्या पासपोर्टावरचं खोटं होतं, म्हणून तिनं नटी होताना खरं घेतलं. सेटवर सुरुवातीला सगळे गजबीय म्हणायचे. ती प्रत्येक वेळी थांबून 'भ' म्हणून दाखवायची. महिन्याभरात मेकअपवालीपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांना जमला.

हे सगळं मस्कतमधल्या आमच्या मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर पोचलं ते दोन वर्षांपूर्वी. कोणीतरी मालिकेच्या शेवटच्या नावांचा फोटो टाकला : ही आपली मितू ना? त्याच शुक्रवारी मार्केटात साधनावहिनी भेटल्या. त्यांचं आमचं एकोणीस वर्षांचं येणंजाणं. मितू त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली आहे. कोथिंबिरीची जुडी झटकत त्या म्हणाल्या, "भाऊजी, लग्न उरकलंत आणि आम्हाला बोलावलंही नाहीत?"

मला कळेना. त्यांनी आवाज खाली आणला. "गजभिये म्हणजे सासरचंच ना? तुमच्या नागपूरकडचेच असतील. मनाला लावून घेऊ नका हो. हल्लीची मुलं कुठे ऐकतात. पण एवढी लंडनला गेली, करायचाच होता तर गोरा तरी करायचा."

त्या माझं सांत्वन करत होत्या. माझ्या मुलीनं माझ्याच आडनावाच्या माणसाशी लग्न केलं म्हणून. आणि मी म्हणालो, "हो ना वहिनी, मुलांपुढे कोणाचं चालतं?"

कारपाशी आलो. सुनंदाला सांगितलं. ती पिशव्या डिकीत ठेवता ठेवता थांबली. "तुम्ही हो म्हणाले? काहून?" मी उरलेल्या पिशव्या ठेवल्या आणि डिकी लावली.

चार दिवसांत ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. कोणाच्या तरी मुलीनं मितूलाही कळवलं. तिचा फोन आला, माझ्याच फोनवर, पहिल्यांदा आईला वगळून.

"बाबा, माझा नवरा दिसायला कसा आहे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगा ना. मी पण ओळखला पाहिजे त्याला." मग तिचा आवाज बदलला. "ते आजोबांचा नाव आहे बाबा. मी त्या घराची सून नाही. मी मुलगी आहे."

तिचं व्याकरण चुकत होतं. बाकी काही चुकत नव्हतं. डिसेंबरात ती दहा दिवस यायची होती. ग्रुपनं तिचा सत्कार ठरवला होता. ती म्हणाली, मी तिकीट काढणार नाही. मी रोज दुसऱ्यानं लिहिलेलं बोलते, पण हे तुमचं आहे, तुम्ही बोला. तुम्ही बोललात की घरी येईन. नाहीतर तुम्ही लंडनला या, भेटू, जेवू, पण देवाजींच्या घरी मी येणार नाही.

पाच आठवडे मी गप्प राहिलो. ग्रुपवर लिहायला घेई आणि पुसून टाकी. सत्काराची तारीख जवळ येत होती. मस्कतबाहेर बरकाला एक फार्म भाड्यानं घेतलं होतं. मुलगी येणार नाही हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, इन्शाल्ला इन्शाल्ला करत वेळ मारून नेत होतो. आम्ही दोघंच गेलो. खजुराच्या दोन झाडांना फलक बांधला होता : 'सौ. संघमित्रा गजभिये (माहेरच्या देवाजी) यांचे स्वागत'. सुनंदानं तो वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "खलास. आता तुम्ही नाही बोलले तर मी बोलते."

माईक माझ्या हातात आला तेव्हा समोर पन्नासेक माणसं होती, पुलावाचा वास येत होता. मी म्हणालो, मितू आलेली नाही, कारण मी खोटं बोललो. तिचं लग्न झालेलं नाही. गजभिये माझं नाव आहे. माझ्या बाबांचं आहे. आम्ही बौद्ध आहोत, आधी काय होतो ते तुम्हाला आडनावावरून कळतंच, तुम्हाला तेवढं चांगलं कळतं. सत्तावीस वर्षं मी अर्ध्या नावानं तुमच्यात बसलो. लाज वाटायला हवी होती त्या नावाची नव्हे, माझी. आज ती वाटते आहे. नावाची कधीच वाटणार नाही.

मुलं इंग्रजीत एकमेकांना विचारत होती, काय झालं, अंकल का चिडलेत? मोठ्यांनी ताटं उचलली. साधनावहिनी माझ्यापर्यंत आल्या, डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "अहो भाऊजी, सांगायचं ना. आम्ही काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

"मला खाल्लं नसतं वहिनी. माझ्याकडे खाल्लं नसतं."

"एकोणीस वर्षं जेवतोय की तुमच्याकडे."

"ते देवाजींकडे."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. माफी जिची मागायची तिला गाडीत बसल्या बसल्या फोन लावला आणि काय बोललो ते शब्दन् शब्द सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा बोला, बाबा. 'गजभिये माझं नाव आहे', तिथपासून." मी पुन्हा बोललो. आठवड्यानं ती मस्कतच्या विमानतळावर उतरली.

त्यानंतर आमच्याकडे येणारी काही घरं येईनाशी झाली. भांडण नाही, फक्त त्यांना वेळ नसतो. साधनावहिनी दोन महिने आल्या नाहीत. मग एका शुक्रवारी आल्या, सुनंदाच्या हातचं झुणका-भाकर जेवल्या आणि दुसऱ्यांदा भात मागितला. जे आले ते आले, जे नाही आले त्यांच्याशिवाय आमचं छान चाललंय. सलालाहून एका माणसाचा फोन आला. पंधरा वर्षं मी त्याला वेगळ्याच नावानं ओळखत होतो. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यानं सांगायचं.

तुम्ही विचारता, आता घर कुठे? गावातलं भावाकडे आहे आणि ते त्याचंच राहावं. मस्कत व्हिसा आहे तोवर. लंडनचा फ्लॅट मितूचा, तिथे आम्ही पाहुणे. मला याचं दुःख होत नाही. घरासाठी मला आता जमीन लागत नाही.

आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, दुबईत, दोह्यात, पुण्यातसुद्धा, आणि अजून अर्धंच नाव सांगून राहिले, त्यांना मी नावं ठेवणार नाही. मला तो हक्क नाही. एवढंच म्हणेन, मस्कतला आलात तर अल खौदला जेवायला या. खाली वॉचमनला विचारा, गजभिये कुठे राहतात. त्याला अजून ते नाव नीट येत नाही, तो दोनदा 'कोण?' म्हणेल. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं सांगा. वर आम्हाला ऐकू येतं.