पाटीवरचे अठरा अंश

तलावावर पोहायला येणाऱ्यांनी त्याचं नाव थंडोबा ठेवलं होतं, आणि ते असं चिकटलं की तलावाच्या कचेरीतला साहेबसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा. काम सोपं होतं. सकाळी लाकडी धक्क्याच्या टोकाशी जायचं, दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडायची, भरली की वर ओढायची, तिच्यात थर्मामीटर बुडवून पारा ठरेपर्यंत थांबायचं आणि फाटकाजवळच्या काळ्या पाटीवर खडूने आकडा लिहायचा. मग गळ्यात शिट्टी अडकवून दिवसभर खुर्चीत बसायचं. शेजारच्या खांबाला रबरी कडं टांगलेलं असे. कोणी बुडायला लागलं तर ते फेकायचं. उडी मारायचा प्रश्नच नव्हता, कारण थंडोबाला पोहता येत नव्हतं.

पोहता न येणारा राखणदार ठेवला कोणी? त्याच्या थोरल्या भावाने, दादाने. दादाची कचेरीत ओळख होती. लहानपणी पोहायला शिकवतो म्हणून दादाने त्याला याच धक्क्यावरून ढकललं होतं. नाकातोंडात पाणी जाऊन तो वर आला तेव्हा काठावरचे सगळे पोट धरधरून हसले. काही भाऊ भावाला पाण्यात पाहतात. दादा बिचारा नुसता ढकलायचा. त्यानंतर थंडोबाने गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. दादाने मात्र ती गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगितली, आणि नुसती सांगितली नाही, तर पाण्यात हात आपटत, तोंडाचा आ करत साग्रसंगीत करून दाखवली. लोक हसून हसून बेजार व्हायचे. अशा माणसाला तलावावर राखणदार नेमायचं, यातही दादाला मजाच वाटली होती. राहायला घरातली मागची खोली दिली, दोन वेळचं ताट दिलं, आणि ताटाबरोबर न चुकता एक टोमणा.

ज्याला पाण्याची धास्ती, त्याला पाण्यात उतरणाऱ्यांचीही धास्ती. पाण्यातली डोकी थंडोबा पुन्हा पुन्हा मोजत बसायचा. म्हणून त्याने एक शक्कल काढली. पाटीवर तो आकडा तीन अंश उतरवून लिहायला लागला. पाणी गार आहे म्हटल्यावर हौशी मंडळी फाटकावरूनच माघारी फिरत आणि त्याला हायसं वाटे. रोजचे पोहणारे मात्र बनेल. त्यांच्यातले एक मास्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, स्वतःचं थर्मामीटर घेऊन आले आणि चोरी पकडली. तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर करमणूक गेली असती. त्यांनी नियमच करून टाकला: थंडोबाचा आकडा, अधिक तीन. नवा माणूस आला की पाटीसमोर उभा करून त्याला ही बेरीज शिकवत. थंडोबा ऐकायचा, मान खाली घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन कमी लिहायचा. पुढे पुढे ही बेरीज इतकी अंगवळणी पडली की ती कोणी मोठ्याने बोलेना आणि थंडोबाच्याही डोक्यातून गेली.

हिवाळ्यात दादाच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून घरी आला तेव्हा निम्मा झाला होता, जीभ तेवढी शाबूत. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोहा, पण पाणी वीस अंशांच्या वर असेल तरच. त्याच्या खाली एकदम उडी घेतलीत, तर हृदय जागच्या जागी थांबेल.

ऊन तापायला लागलं तसा दादा घरात मावेना. एके दिवशी वहिनी मागच्या खोलीच्या दारात आल्या. त्या कधी येत नसत.

"भावजी, उद्या हे येणार म्हणतायत तलावावर. पाटी बघून मगच उतरेन असं कबूल केलंय मला. ते तुम्हाला दटावतील, आकडा चढवून लिही म्हणतील. ऐकू नका. जो असेल तोच लिहा. माझं कुंकू तुमच्या हातात आहे."

"खरा तोच लिहीन, वहिनी."

उभ्या आयुष्यात त्याच्यावर कोणी एवढा भरवसा टाकला नव्हता. आनंदाने त्याला नीट झोपही लागली नाही.

पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. पानगळीत हवा बोचरी असते तेव्हा तलाव कोमट असतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हवा भाजत असते तेव्हा पाण्यात हिवाळा दडलेला असतो. वरचा पातळ थर तेवढा उबदार. त्या रात्री वारा सुटला आणि तो थर पलीकडच्या काठाला ढकलून गेला. सकाळी थंडोबाने बाटली ओढली, पारा पाहिला, पुन्हा बाटली सोडून पुन्हा पाहिला. अठरा. त्याने पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि ठसठशीत अठरा लिहिले.

तेवढ्यात दादा आला, टॉवेल खांद्यावर, मागे मास्तर आणि मंडळी. पाटीसमोर थांबून म्हणाला, "अठरा! म्हणजे एकवीस. डॉक्टर खूश, बायको खूश."

थंडोबा बाटली हातात घेऊनच पुढे झाला.

"दादा, आज तीन मिळवू नकोस. आज खरं लिहिलंय."

असा हशा पिकला की बदकं उडाली.

"आज खरं?" मास्तर डोळे पुसत म्हणाले. "मग इतकी वर्षं काय करत होतास रे?"

"घाबरलाय," दादा म्हणाला. "मी पोहायचं आणि ह्याची पातळ व्हायची!"

बाटली थंडोबाच्या हातात होती, थर्मामीटर आत होतं. ती दादाच्या नाकासमोर धरली असती तर विषय मिटला असता. पण इतक्या वर्षांचं त्यांचं हसणं त्याला आठवलं. जा, असं त्याच्या मनात आलं. जा, बघ मग. त्याने बाटली खिळ्याला अडकवली आणि खुर्चीत जाऊन बसला.

दादाने धक्क्यावरून सूर मारला. वर आला तेव्हा तोंडाचा आ केलेला, हात पाण्यावर आपटत होते, आवाज फुटत नव्हता. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

"वा! थंडोबा बुडतोय!" कोणी तरी ओरडलं.

दादा आपलीच नक्कल करतोय, असं थंडोबालाही वाटलं. अपमानाने त्याचे कान तापले आणि त्याने मुद्दाम तोंड फिरवलं. टाळ्या थांबल्या तेव्हा त्याने वळून पाहिलं. मग कडं फेकलं. ते बरोबर जागेवर पडलं, पण धरायला कोणी नव्हतं.

मास्तरांनी दादाला बाहेर काढलं. आता कोणी हसत नव्हतं.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. वहिनींनी मागच्या खोलीत नेहमीसारखं ताट आणून ठेवलं, पण त्या गेल्या नाहीत. बेरजेची गोष्ट त्यांना मास्तरांकडून कळली होती.

"किती लिहिलं होतंत, भावजी?"

"अठरा. खरं तेच, वहिनी. तुम्ही सांगितलं होतंत तसं."

"आणि रोजच्यासारखं लिहिलं असतंत तर?"

"पंधरा."

वहिनींनी मनातल्या मनात तीन मिळवले. थंडोबाला ते त्यांच्या ओठांवर दिसलं.

"अठराच झाले असते," त्या म्हणाल्या. "घरी आले असते ते."