थांबून दाखव

“चालवता सगळ्यांनाच येतं. थांबून दाखव.”

लायसनसाठी आलेल्या प्रत्येक पोराला भाऊ हेच सांगायचे; समोरचा असेल तसं, हिंदीत नाहीतर मराठीत. मग गाडीच्या डाव्या अंगाला, थोडं मागे, हात पाठीशी बांधून उभे राहायचे. पोरगं चुन्याने आखलेल्या आठच्या आकड्यावरून ऐटीत गाडी फिरवत असायचं, आणि मध्येच भाऊ ओरडायचे, “रुको!” जो तिथल्या तिथे थांबला, तो पास.

मी त्याच आरटीओ ऑफिसात खिडकीवर बसायचे. सोळा पूर्ण असतील तर बिनगियरची मोपेड, तीही आईबापांची सही असेल तरच. गियरची गाडी हवी तर अठरा पूर्ण. आधी शिकाऊ लायसन, मग निदान महिनाभर सराव, मग परीक्षा. हे मी दिवसभर सांगायचे, आणि पोरं तेवढा वेळ मैदानाकडे बघत असायची. त्यांना धडकी भरायची ती भाऊंची.

भाऊ आमच्या दूधविनायक मोहल्ल्यातलेच, घाटाजवळच्या मराठी वस्तीतले. गल्लीतली माणसं ओळख काढून यायची. एकदा एका पोराचे वडील पेढे घेऊन आले. भाऊंनी मजेत दोन पेढे खाल्ले, मग त्यांच्या मुलाला नापास केलं. म्हणाले, “पेढे बढिया होते. पोराला पुढच्या महिन्यात परत आणा.” असा माणूस. लोक चिडायचे, पण रस्त्यावर काही आक्रीत घडलं की म्हणायचे, हा नक्की भाऊंच्या हाताखालून गेलेला नसणार.

गल्लीत एक गुरुजी होते, पाठशाळेत वेद शिकवायचे. त्यांचा मुलगा शाळेत फारसा चमकला नव्हता. गुरुजी दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “हा कुणाचं ऐकतच नाही. चार हाका मारल्या तरी वळून बघणार नाही. मग्रूर आहे नुसता.” आणि कानाखाली एक ठेवून द्यायचे. मुलाला एकच गोष्ट झकास यायची, गाडी. त्याच्या मामांचं चौकात साड्यांचं दुकान होतं. लायसन मिळालं की दुकानाची जीप त्याच्या हाती द्यायची, असं ठरलं होतं. अठरा पूर्ण होताच त्याने शिकाऊ लायसन काढलं.

परीक्षेत त्याने जीप अशी फिरवली, की रांगेतली पोरं बघत राहिली. भाऊ ओरडले, “थांब!” जीप चालतच राहिली. नापास. महिन्याने परत तेच. गल्लीत गुरुजी भाऊंना म्हणाले, “बघितलंत ना? आता तुमचंही ऐकत नाही.”

तिसऱ्या खेपेला गुरुजी स्वतः मैदानावर आले. मीही कागद घेऊन तिथे उभी होते. भाऊंनी आज जागा बदलली. उजवीकडून हाक दिली. जीप जागेवर थांबली. मग डावीकडे गेले, हाक दिली. जीप पुढे गेली. भाऊंनी खुणेनेच त्याला थांबवलं, इंजिन बंद करायला लावलं. मग त्याच्या डाव्या खांद्यामागे उभं राहून त्याला नावाने हाक मारली. एकदा, मग पुन्हा, जरा मोठ्याने. पोरगा समोर बघत राहिला.

भाऊंना राग आला होता. खरं तर डॉक्टरचा, ज्याने न तपासताच तब्येतीच्या दाखल्यावर सही ठोकली होती. ते आमच्याकडे वळून ओरडले, “अरे, याला या कानाने ऐकूच येत नाही! इतक्या वर्षांत घरात कुणाला कळलं नाही?”

रांगेतलं कुणीतरी हसलं. “अबे बहिरा है!”

मुलगा खाली उतरला होता. अगदी हळू म्हणाला, “भाऊ, जोरात नका ना बोलू.”

गुरुजी आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते. मुलाने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि फाटकातून बाहेर पडला. त्या दिवशी तो घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

भाऊंनी रजा काढली. स्टेशन पालथं घातलं, जीपचे अड्डे धुंडाळले. मुलाची आई त्यांना एवढंच म्हणाली, “बाजूला घेऊन सांगायचं होतं हो.” भाऊ म्हणाले, “हो वहिनी.” नंतर कितीतरी दिवस भाऊ आणि गुरुजी सकाळी अहिल्याबाई घाटावर शेजारी शेजारी बसलेले दिसायचे.

कामावर परतलेले भाऊ वेगळे होते. परीक्षा तितकीच कडक. पण निकाल सांगायला ते प्रत्येक पोराला कडुनिंबाखाली नेत आणि इतकं हळू बोलत, की पास कोण नि नापास कोण, रांगेत कुणाला कळत नसे.

भाऊ निवृत्त झाले त्या वर्षी बातमी आली. मुलगा जबलपूरला एका गॅरेजात होता, ठीक होता. गुरुजी निघाले, भाऊही त्यांच्याबरोबर गेले. मुलगा बरोबर आला नाही. ‘दिवाळीला बघतो’ म्हणाला.

परत आल्यावर भाऊ माझ्याकडे आले. तीच आमची शेवटची भेट; दिवाळीआधीच ते गेले. मी विचारलं, “काही बोलला का तुमच्याशी?”

“चहा पाजला,” भाऊ म्हणाले. “मी नेमका त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. तो उठला. मला वाटलं, चालला. तर स्टूल उचलून माझ्या पलीकडे येऊन बसला. चांगला कान माझ्याकडे करून.”

“मग?” मी विचारलं.

“तो तसाच बसला होता गं, ऐकायला,” भाऊ म्हणाले. “कप रिकामा झाला तरी. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.”