पेशकारमामांचं खोपट

जी वस्तू ज्या कामासाठी जन्माला आली तिला त्याच कामात मरू द्यायचं नाही, असा विडा उचललेला एकच माणूस मी उभ्या जन्मात पाहिला, आणि तो बेंबळीला आमच्या बांधाला बांध लागून राहत होता. निजामाच्या अमलात तालुक्याच्या कचेरीत पेशकारी, म्हणजे साहेबापुढं खटल्यांचे कागद ठेवायची नोकरी, करून ते गावी परतले होते, म्हणून सगळं गाव त्यांना पेशकारमामा म्हणे. त्यांच्या दारात फुटक्या रांजणात कोंबड्या अंडी घालत, जुन्या जुवावर धोतरं वाळत आणि मोटेच्या विरलेल्या चामड्याचे जोडे होऊन मामांच्या पायात कुरकुरत. आमच्या घरी एक खुंटी ठोकायची म्हटली तर आमच्या ह्यांना आधी तंबाखू मळावी लागे, मग हातोडा शोधावा लागे, तोवर मीच दगडानं ठोकून मोकळी होई. त्यामुळं पेशकारमामींच्या नशिबाचा मला हेवा वाटायचा, हे आता सांगायला काय हरकत आहे!

नोकरी सुटली तरी कचेरी काही त्यांच्या जिभेवरून उठली नाही. गाय दूध चोरते म्हटलं की ते म्हणत, "तिचा जबाब घ्या." आमटी खारट झाली तर मामींना समज देऊन सोडत आणि वर ताक ओतून प्रकरण मिटवत. एकदा आमचा बैल त्यांच्या कडवळात शिरला, तर मामांनी त्याला दिवसभर आपल्या गोठ्यात हाजिर ठेवला, पोटभर पेंड चारली आणि संध्याकाळी 'बाइज्जत बरी' करून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी बैल आपणहून तिकडं गेला.

तर एका पाडव्यानंतर हे मामा आपल्या पेरूच्या बागेतलं खोपट रिकामं करायला लागले. कुडाच्या भिंती, वर पाचट, आत कुळव, मोटेचा नाडा, खताच्या पाट्या आणि कोपऱ्यात मुंगसाचा संसार, असं ते खोपट. त्यात माणूस राहील असं कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. पण कारण तसंच होतं. मामींची आई, तिला आम्ही सगळे सोनारीची माय म्हणत असू, सोनारीला एकटी राहायची. नवरा गेलेला, मुलगा नाही, लेक ही एकच, आणि डोळ्यांना दिसायचंही कमी. त्या हिवाळ्यात ती विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून पडली आणि शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तिथंच पडून राहिली. तेव्हापासून मामींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आईला घेऊन यायचं म्हटलं तर घराण्याची रीत आडवी येई. लेकीला मूल होईपर्यंत आईनं लेकीच्या घरच्या पाण्यालाही शिवायचं नाही, आणि मामींना तर मूलच नव्हतं. माय कधी आली तर अंगणातल्या लिंबाखाली बसायची, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायची, लेकीच्या तोंडावरून हात फिरवायची आणि उन्हं कलायच्या आत परत निघायची.

"मला लेकरू झालं न्हाय, त्याची सजा मायला कशापायी?" मामी ज्वारी निवडता निवडता मला म्हणाल्या. मी खाली मान घालून खडे वेचत राहिले. पलीकडं मामा जोडे शिवत होते. त्यांनी हातातला दाभण ठेवला, उठले आणि खोपटातला नाडा बाहेर ओढायला लागले.

मग जे बांधकाम सुरू झालं त्याची मजा बघायला गाव लोटलं. कूड गेला, दगडमातीच्या भिंती आल्या. वर माळवद घातलं, आणि त्यासाठी गावठाणातली पांढरी माती गाड्या भरभरून आणली, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात माणसाला घरात भिजवते. ती तुडवायला मामा स्वतः धोतर खोचून वर चढले. मोडक्या टांग्याचं चाक भिंतीत बसवून त्यांनी खिडकी केली. आत निजायला ओटा, ओट्याखालून चुलीच्या धुराला वाट, म्हणजे थंडीत अंथरूण गरम राहावं. पहिल्या दिवशी त्यावर मामा स्वतः निजून बघत होते. धुरानं वाट सोडली, खोलीभर झाला, आणि मामा खोकत बाहेर आले ते भाजलेल्या वांग्यासारखे दिसत होते. वाट पुन्हा बांधली.

सगळं झाल्यावर मामांनी डोळ्यांवर मामींचं पातळसं फडकं बांधलं, हातात काठी घेतली आणि कमरेत वाकून म्हाताऱ्या बाईच्या चालीनं खोलीत शिरायला लागले. उंबऱ्याला ठेचकाळले, ते सरळ पालथे. फडकं सोडून त्यांनी करवत मागवली आणि उंबरा भुईसपाट कापून टाकला. बायका कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उंबऱ्यात लक्ष्मी असते, तो कुणी कापतं का? माझ्या सासूबाईंनी तर तोंडावर सुनावलं. मामा म्हणाले, "लक्ष्मीसुद्धा म्हातारी झाली असंल, वैनी. तिला तरी कुठं पाय उचलतो?" सासूबाई घरी येईपर्यंत हसत होत्या.

पण घर झालं म्हणून माय थोडीच येणार होती! खोपट जावयाचं, बाग जावयाची. मामांनी गाडी जुंपली आणि सोनारी गाठली. पुढचं मामींनी मला सांगितलं, त्या सोबत होत्या. माय म्हणाली, मी मरेन पण रीत मोडणार नाही. मामांनी रीत मोडा असं म्हटलंच नाही.

"माय, म्या तुम्हाला घरी न्यायला आलोच न्हाय. बागेला राखणदार पायजे. पाखरं लई झालीत."

राखणदार बागेत राहतो, बागेचं पाणी पितो, पेरूंतला वाटा खातो, आणि त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही. हे तर त्या मुलखात पोरालाही ठाऊक. म्हातारी मग म्हणाली, "वाटा किती?"

वाट्यावरून दोघं दुपारपर्यंत भांडले, आणि माय जिंकली.

ती आली ती गोफण घेऊन. डोळ्यांनी अधू, पण पानाचा आवाज तिला कळायचा. एकदा मामांनीच जाता जाता पेरू तोडला, तर ढेकूळ सणसणत येऊन पाठीत बसलं. मामा दोन्ही हात वर करून उभे, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू सरकारनं मानाची खिल्लत अंगावर घातली आहे! पुढं महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला पाठ दाखवत होते. मामी रोज सांजेला बागेत जायच्या, आईच्या चुलीवरची भाकरी खायच्या. माहेर बांधापलीकडं आलं होतं. त्यांचा चेहरा भरला, आवाज मोकळा झाला. माझ्याशी बोलताना त्या गाणं म्हणावं तसं बोलायच्या. पण आई आपल्या घरात कधी आली नाही, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मला ते दिसायचं.

निजामाचं राज्य गेलं त्यानंतरच्या हिवाळ्यात माय अंथरुणाला खिळली. ओटा उबदार होता, खिडकीतून ऊन येत होतं, मामांनी काही कमी पडू दिलं नव्हतं. मी पेज घेऊन गेले होते. मायनं जावयाला जवळ बोलावलं.

"जावईबापू, राखण सोडली म्या. आता मला लेकीच्या घरला न्या."

मामांच्या तोंडून कचेरीतला एकही शब्द निघाला नाही. ज्या खोलीसाठी त्यांनी हाडांची काडं केली, तिच्यातून त्यांनी त्या म्हातारीला उचललं आणि पेरूच्या झाडांमधून लेकराला न्यावं तसं घराकडं नेलं. मी पुढं पळत जाऊन मामींना सांगितलं. त्या पाण्याचा तांब्या भरून घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मामांनी मायला आत टेकवलं आणि स्वतः बाहेर अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मामींनी आईचं डोकं मांडीवर घेतलं, तांब्या तिच्या ओठांना लावला, आणि माय सावकाश, पोटभर पाणी प्याली.