बीपीच्या मशीनचा परतीचा डबा

आमच्या कंपनीची ती योजना माझ्या डोक्यातून निघाली आणि आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

योजना साधी होती. बीपीची मशीन विकत घ्यायचीच नाही, महिन्याची वर्गणी भरून वापरायची. काम झालं की डब्यात घालून परत. आम्ही ती पुसून-तपासून दुसऱ्या घरी देणार. कचरा शून्य! एवढं सांगायला मी चाळीस स्लाइड केल्या होत्या (साहेब नवव्या स्लाइडलाच पेंगले). जागे झाल्यावर म्हणाले, "आधी एक मशीन फिरून परत येऊ द्या. नाही आली तर तुम्ही पुन्हा तक्रारींच्या फोनवर!"

मी हुशारी केली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून मनीषनगरातली माझी आईच निवडली. घरचं माणूस, दगा थोडीच देणार?

पंधरा दिवसांनी डबा आला. अख्खं ऑफिस गोळा झालं. मी ऐटीत झाकण उघडलं, तर आत डिंकाचे लाडू! मशीनचा पत्ता नाही! साहेबांनी तिथल्या तिथे आईला स्पीकरवर फोन लावायला लावला.

"आई, मशीन कुठंय?"

"दुसऱ्याचा डबा रिकामा कसा धाडाचा वं? लाडू मावत नव्हते, म्हणून मशीन काढली."

"अगं, मशीनच परत द्यायची होती!"

"काहून? चांगली तं चालून राहिली!"

"मग दे ना पाठवून!"

"माह्याजवळ कुठं हाये? आज मेश्राम काकूकडं, उद्या वरच्या गुरुजीकडं. गल्लीत सात घरं फिरते. पट्टा पुसून, तपासूनच देतो आम्ही!"

साहेबांनी तिसरा लाडू तोंडात टाकला. "काकू, वर्गणी किती घेता?"

"कायची वर्गणी? ज्याच्या घरी मशीन, त्यानं चहा पाजाचा!"

"मॅडम," साहेब माझ्याकडे वळले, "हीच ना तुमची योजना? मग चाळीस स्लाइड कशाला?"

योजना तरली बरं का, पण आईच्या पद्धतीनं! माझं डोकं मात्र गरगरायला लागलं. "आई, मशीन एकदा मलाच दे गं."

"तुहा नंबर आठवा. अन् येताना डबा रिकामा आणू नको!"

म्हणून मी त्यात माझ्या चाळीस स्लाइडचे छापील कागद भरून नेले. आईला आवडले. पुढच्या लाडवांखाली अंथरायला बरे पडले म्हणे!