कार्ड येण्याआधीचा कौल

मी देवाशीसुद्धा घासाघीस करत आलो आहे, हे आधीच कबूल करतो. कणकवलीच्या बाजारात मोजे-रुमाल विकत उभा राहिलेला माणूस मी. नेदरलँड्समध्ये हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आलो आणि आज हूफडॉर्पला भारतीय भाजीपाल्याचं माझं स्वतःचं गोदाम आहे. जे मिळवलं ते बोलून, भांडून आणि समोरच्याच्या डोळ्यात बघून. त्यामुळे आपल्याला जे मिळायचं त्याला आधी अट घालायची, ही सवय रक्तात भिनली होती. त्यातच बारा वर्षांचा एक राग मनात जपून ठेवला होता.

तो राग माझ्या भावोजींवरचा. कोल्हापूरला ताईच्या नव्या घराची वास्तुशांत होती. मी धंदा अर्धा टाकून, दोन एसट्या बदलून गेलो. पंगतीला बसणार तोच भावोजी म्हणाले, "तू जरा मंडपवाल्यांबरोबर मागे बस रे. इथे ऑफिसची मंडळी आहेत." मी मागे बसलो नाही. जेवलोही नाही. तडक स्टँडवर आलो आणि त्यानंतर त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. ताईशी फोनवर बोलायचो, पण भावोजींचा आवाज मागून आला तरी फोन ठेवायचो. त्यांनी स्वतःहून माफी मागावी, मग बघू, अशी माझी अट होती. ती अट त्यांना कधी सांगितली नव्हती, तो भाग वेगळा.

कोरोनाचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. तुळशीचं लग्न झालं आणि भाचीचा, सईचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं. मोजकीच माणसं बोलवायची होती. "मामा, मला मांडवात तूच आणायचंस," ती म्हणाली. "गुरुजी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' म्हणतील आणि कुणीच उठलं नाही तर कसं दिसेल? तू आला नाहीस तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. मग बसा सगळे अक्षता हातात घेऊन."

मी तिचा एकुलता एक मामा. मी हसून टाळलं, कारण माझ्याकडे कारण तयार होतं. कायमच्या वास्तव्याचा माझा अर्ज नुकताच मंजूर झाला होता. मंजुरीचं पत्र आलं होतं, पण कार्ड तयार व्हायचं होतं आणि जुन्या कार्डाची मुदत संपली होती. अशा वेळी देशाबाहेर गेलं तर परत येण्यासाठी पासपोर्टवर परतीचा व्हिसा चिकटवून घ्यावा लागतो, नाहीतर विमानात चढू देत नाहीत. त्या व्हिसासाठी इमिग्रेशनच्या ऑफिसात वेळ घ्यावी लागते आणि महामारीमुळे सगळ्या वेळा भरलेल्या. मी शोधलं तेव्हा पहिली मोकळी वेळ लग्नानंतर आठवड्याने होती. नऊ वर्षं घासून मिळवलेला हक्क, उभं केलेलं गोदाम, हे सगळं एका अक्षतेसाठी पणाला लावायचं? खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं होतं. रागही शाबूत राहत होता आणि दोषही कुणाच्या माथी येत नव्हता.

माझ्या बायकोला मात्र हे दिसत होतं. उइटहॉर्नच्या आमच्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "तुम्हाला कार्डाची अडचण नाही. तुम्हाला ते कार्ड ढालीसारखं वापरायचं आहे." मी चिडलो. म्हणालो, "मग देवालाच विचारतो." तिने मान डोलावली आणि म्हणाली, "विचारा. पण तिथे भाव करू नका."

आमचं ग्रामदैवत रवळनाथ. काही मोठं ठरवायचं असलं की आमच्या गावात देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. मी गुरवकाकांना व्हिडिओ कॉल केला. देवळं नुकतीच उघडली होती. काकांनी फोन समईला टेकवून ठेवला आणि विचारलं, "बोल, काय विचारूचा?"

मी सांगितलं, "विचारा, लग्नाआधी कार्ड हातात येणार असेल तर उजवी दे. आणि ते आलं, तर मी देवळाला पितळेची मोठी समई देईन. हवं तर दोन देईन. पण भावोजींचा फोन आधी आला पाहिजे, तेही विचारा."

काकांनी कपाळाला हात लावला. "रे, हय काय बाजार भरलो आसा? देवाक अटी घालतंस? एका पाकळेक एकच सवाल. जावचा काय नाय, इतक्याच विचार." त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा रवळनाथा, तुझा लेकरू लांब समुद्रापलीकडे आसा. तेच्या मनात काय आसा ता तुका ठावक. भाचयेच्या लग्नाक जावचा काय नाय, तो कौल दी म्हाराजा." इकडे मी आणि माझी बायको हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणालो. ते म्हणून होतंय तोच उजवी पाकळी पडली. मला वाटत होतं, थोडा वेळ तरी लागेल, तेवढ्यात काही बोलता येईल. काका म्हणाले, "झाला. आता तिकीट काढ." मी म्हणालो, "काका, परत एकदा लावून बघूया?" त्यांनी फोन बंद केला.

तिकीट काढलं. चाचणी कुठे करायची, कागद कुठले लागतील, सगळं पाहिलं. परतीच्या व्हिसाचं मात्र काही जमेना. उड्डाण दोन दिवसांवर आलं तेव्हा मी वेळ न घेताच युट्रेख्टच्या ऑफिसात जाऊन धडकलो. दारावरचा माणूस शांत होता. मास्कच्या आडून पुनःपुन्हा एकच सांगत होता, वेळ घेतली असेल तरच आत. मी समजावलं, मग विनवलं, मग आवाज चढवला. भाचीचं लग्न सांगितलं, नऊ वर्षांचा कर सांगितला, त्याला माझ्याकडच्या आंब्याची पेटीसुद्धा देऊ केली. तो म्हणाला, "सर, आता आंब्याचा हंगाम नाही." इतका राग आला की मी बाहेर बसथांब्यापाशी उभा राहून मोठमोठ्याने मराठीत शिव्या देऊ लागलो. आधी स्वतःच्या नशिबाला, मग भावोजींना आणि शेवटी, लाज वाटते सांगायला, रवळनाथालाही. "जा म्हणालास ना? मग आता दार कोण उघडणार?"

"दादा, जरा हळू," मागून आवाज आला. "इथल्या लोकांना कळत नसेल, पण मला सगळं कळतंय."

बाकावर पस्तिशीची एक बाई बसली होती. मांडीवर डबा उघडा, हातात पोळीचा तुकडा. ती नागपूरची. आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर होती. मी ओशाळून माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू द्या. तुमचं दारावरचं भांडण ऐकत बसले आणि माझी बस चुकली. आता पूर्ण गोष्ट तरी सांगा."

मी सांगितली. तिने पोळी खाली ठेवली आणि फोन काढला. म्हणाली, "आम्हालाही नागपूरला जायचं होतं. कार्डं येतील की नाही कळेना, म्हणून नवऱ्याच्या नावाने परतीच्या व्हिसाची आज अडीचची वेळ घेऊन ठेवली होती. पण कार्डंच आधी आली. माझं आत्ताच घेतलं, त्याने काल घेतलं. ती वेळ रद्द करायची राहिलीय. मी रद्द केली की ती यादीत मोकळी दिसेल. मग ज्याने आधी पकडली त्याची. तुमचा फोन काढा."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "तुम्हाला काय द्यायचं?" ती म्हणाली, "पत्रावरचा नंबर द्या. मला नको, फॉर्मला हवा."

मी मंजुरीचं पत्र काढलं आणि घाम फुटला. ते आलं त्या दिवशी मी देवापुढे ठेवून त्याची पूजा केली होती. बायको नको नको म्हणत असताना ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं होतं, आणि तेही नेमकं जिथे माझा नंबर छापलेला होता तिथे. शेवटचे तीन आकडे लाल डागाखाली गेले होते. "सरकारी कागदाला कोण कुंकू लावतं?" ती म्हणाली. मी म्हणालो, "आम्ही लावतो. नव्या गाडीला लावतो, तर याला का नाही?" ती इतकी हसली की तिच्या चष्म्यावर वाफ धरली.

मग तिने पत्र उलटं करून आभाळाकडे धरलं. ढगाळ दुपार होती, पण तेवढा उजेड पुरला. मागून आकडे अंधुक दिसत होते. "चार... शून्य... हा पाच की सहा?" मी डोळे बारीक केले. "सहा. नाही, पाच." "नक्की सांगा दादा." माझा मंजुरीचा आनंद ज्याच्यावर उमटवला होता, तो आकडा मला आठवत नव्हता. भाजीचे भाव मला पाच वर्षांपूर्वीचेही आठवतात. मी डोळे मिटले. काही मागितलं नाही, काही देऊ केलं नाही. पहिल्यांदाच माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. मनात फक्त एवढंच आलं, तू बघ. डोळे उघडले तेव्हा ती कागद वाकडा करून म्हणत होती, "सहाच आहे. पोट बंद आहे बघा."

तिने रद्दचं बटण दाबलं. माझ्या फोनवर गोल चक्र फिरत राहिलं आणि अडीचची वेळ उगवली. मी दाबलं. मिळाली. मी बसथांब्यावर चक्क उडी मारली. तिच्या डब्यातलं लोणचं माझ्या कोटावर सांडलं.

"ताई, देवानेच तुम्हाला पाठवलं," मी म्हणालो.

"मला कुणी पाठवलं नाही. मी बौद्ध आहे, जय भीम. बस चुकली म्हणून बसले होते, तीही तुमच्यामुळे," ती म्हणाली. "पण भाचीला मांडवात आणा. रागाचं नंतर बघा." तेवढ्यात तिची पुढची बस आली. घाईत मी नावही विचारलं नाही.

अडीचला तोच दारावरचा माणूस मला आत सोडताना म्हणाला, "आता बरोबर आहे, सर." खिडकीतल्या बाईने पत्रावरचा डाग पाहून विचारलं, हे काय? मी म्हणालो, शुभ असतं. तिने पासपोर्टवर व्हिसा चिकटवला आणि म्हणाली, मग लग्नाला शुभेच्छा.

लग्नाच्याच सकाळी कोल्हापूरला ताईच्या दारात पोचलो तेव्हा बोलायची चार वाक्यं तयार होती. विमानात घोटून घेतली होती. भावोजी ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी ओळखलंच नाही. अर्धे झाले होते. उन्हाळ्यात ते कोरोनाने महिनाभर हॉस्पिटलात होते, हे मला माहीत होतं. ताईने सांगितलं होतं. मी त्यांना एक फोन केला नव्हता. बारा वर्षं मी त्यांच्या माफीची वाट पाहत होतो आणि या वर्षी माफी मागायची पाळी माझ्यावर आली होती, ते मी पाहिलंच नव्हतं. ते उठायला लागले, दम लागला, खाली बसले. म्हणाले, "आलास? विमानात जेवण दिलं का रे?" माझी चारही वाक्यं कुठे गेली देव जाणे. मी वाकून पाया पडलो आणि म्हणालो, "भावोजी, मी फोन करायला हवा होता." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. वास्तुशांतीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही ऐकायला थांबलो नाही, कारण आत सई ओरडत होती, "मामा आला का? मग मी साडी नेसायला घेते!"

मुहूर्त जवळ आला आणि गुरुजींनी मामांना हाक मारली. खोलीच्या दारात सई हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधून उभी होती. मी हात पुढे केला. तिचा हात थंडगार होता, माझा त्याहून थंड. "मामा, तू रडतोयस," ती कुजबुजली. "मास्क घाल." आम्ही दोघे हसतच मांडवात आलो. अंतरपाटाच्या अलीकडे तिला पाटावर उभं केलं तेव्हा माझ्या मनात कसलाच हिशेब नव्हता. काय मिळालं, काय राहिलं, कोण चुकलं, काहीच नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. मी मूठभर अक्षता घेऊन उभा होतो आणि त्या टाकायचंही विसरलो होतो.

पुढे मी परत आलो. कार्डही यथावकाश मिळालं. हे सगळं योगायोगाने झालं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मी, आणि वाद घालत नाही! बाजारात आजही पहाटे भेंडीच्या भावावरून माझा आवाज चढतो आणि चढत राहणार. पण देवापुढे बसलो की आता मी काही देऊ करत नाही. हात जोडतो आणि नागपूरच्या त्या ताईला, गुरवकाकांना, दारावरच्या त्या शांत माणसाला आठवतो. जायचं आहे तिथे जायचं बळ दे, बाकी तू बघ, एवढंच म्हणतो. मग उठून रविवार असला तर कोल्हापूरला फोन लावतो. हल्ली फोन भावोजीच उचलतात आणि ताईला द्यायचं विसरतात.