हिवरे बाजारच्या शेळ्या

आज काळ्या पडद्यावर ओळी टाइप करून मी पोट भरतो, ते ताईमुळे. ताई म्हणजे नगरच्या आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणारी, जामखेडकडच्या शेतकऱ्याची मुलगी. वयाने माझ्याहून लहान, तरी मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला दादा. मी नंदुरबारकडचा, नववीत शाळा सुटलेला. गावोगाव जाऊन शेळ्या धरायच्या आणि डॉक्टर रक्त काढेपर्यंत सोडायच्या नाहीत, हे माझं काम.

त्या रक्तातली जनुकं वाचून झाली की फाईली यायच्या. इतक्या मोठ्या, की माउसने उघडायला गेलं तर संगणकच बसायचा. म्हणून ताईने मला काळ्या पडद्यावर हुकूम लिहायला शिकवलं.

"दादा, बिथरलेली शेळी आवरता ना? मग हे बी जमंल. फक्त एक ध्यानात ठेवा. हा मुका हाय. सांगाल ते करतो, इचारत काय न्हाई."

मी मान हलवायचो, पण मनात एकच. चुकलो तर हाकलतील, मग कुठल्या तोंडाने घरी जायचं?

आमच्याकडे रीत अशी, की प्रत्येक गावात नळ्यांचे नंबर एकपासून. गावाचं नाव पिशवीवर, नळीवर नुसता आकडा. फाईलीही तशाच, नुसत्या आकड्याच्या नावाने आल्या, गावागावाच्या वेगळ्या फोल्डरात. प्रयोगशाळेचे प्रमुख आणि ताईचे गाईड असलेले सर म्हणाले, सगळ्या एका जागी आण. मी आधी हिवरे बाजारच्या हलवल्या, मग त्याच जागी खर्डा गावच्या. पडदा हूं की चूं बोलला नाही. ताईने उघडून पाहिलं तर आत एकट्या खर्ड्याच्या शेळ्या. एक नंबरवर एक नंबर बसला, दोनवर दोन. हिवरे बाजार पुसलं गेलं.

सरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि तो फोल्डर भिंतीवर मोठा करून दाखवला.

"शेळ्यांमागं फिरणाऱ्याच्या हाती कीबोर्ड दिला की शेळ्याच चरून जातात."

मागून कुणीतरी "बॅऽऽ" केलं. सगळे हसले. सरही.

"उद्यापासून येऊ नकोस," ते मला म्हणाले.

तेवढ्यात ताई पुढे झाली. "सर, माझ्याकडं खोलीवर कॉपी हाय. हितं दुसरी कुठंच नव्हती, म्हणून ठेवली हुती."

डेटा बाहेर न्यायचा नाही हा नियम तिला पाठ होता. तरी ती खोलीवर जाऊन डिस्क घेऊन आली. सरांनी ती लावली, हिवरे बाजारच्या सगळ्या फाईली उतरवून घेतल्या, उघडतात का ते तपासलं. मग डिस्क खिशात घातली.

"याला चोरी म्हणतात, मॅडम. तुमचा गाईड म्हणून मी आजपासून नाही."

"सर, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तुझी चूक मोजायला तू कोण लागून गेलास? जा, काम कर."

माझी नोकरी राहिली. ताईने टेबल आवरलं तेव्हा तिच्या पिशवीला हात लावायलाही कुणी उठलं नाही. फाटकापर्यंत मी पिशवी नेली. "आता न इचारता काय हलवू नका, दादा," म्हणाली आणि रिक्षात बसली. सरांचा पेपर छापून आला. त्यात हिवरे बाजारच्या शेळ्या आहेत, ताई नाही.

तिची पीएचडी अजून अडलेली आहे. ताई, दुसरा गाईड मिळाला की नुसता निरोप धाडा. ही नोकरी सोडून येईन, तुमच्या शेळ्या धरीन, फाईली लावीन, आणि तुमच्या नावापुढे डॉक्टर लागेपर्यंत हलणार नाही.